शेजाऱ्याची हजेरी

शेख बाईंच्या चौथीच्या वर्गाची हजेरी व्हायला पस्तीस मिनिटं लागत. तेवढ्या वेळात आमच्या गावातून सुटलेली जीप औशाला पोचायची, तीही वाटेत चार ठिकाणी पॅसेंजर भरून. वर्गात पोरं होती चाळीस. एवढी हजेरी मी नंबर पुकारून दोन मिनिटांत उरकत असे आणि मला त्याचा अभिमान होता. तेविसाव्या वर्षी माणसाला कशाचाही अभिमान वाटतो.

बाई हजेरी घेत नसत, पोरंच देत. तीही स्वतःची नाही, शेजाऱ्याची. पहिल्या रांगेतलं पोर उठायचं, शेजारणीच्या डोक्यावर हात ठेवायचं आणि म्हणायचं, "ही परवीन. हजर हाय. हिला रात्री लई खोकला होता." मग परवीन उठून तिच्या शेजारच्याच्या डोक्यावर हात ठेवणार. "ह्यो दत्ता. हजर हाय. ह्यांची म्हैस व्यालीय." नुसतं हजर म्हटलं तर बाई पुढं जाऊ देत नसत. "हजर तर भिंत बी हाय," म्हणायच्या. "त्याचं काय चाललंय ते सांग." अशी चाळीस बातमीपत्रं ऐकून झाली की बाई निवांत पेनाचं टोपण काढत. तोवर शेजारी तिसरीत बेरजा शिकवून झालेल्या असत.

मी मूळचा नायगावकडचा. भूकंपाला दहा वर्षं होत आली होती तेव्हा किल्लारीच्या बाजूच्या एका नव्यानं वसवलेल्या गावात शिक्षणसेवक म्हणून लागलो. सगळी घरं एका साच्यातली, त्यामुळं पहिले पंधरा दिवस मी रोज चुकीच्या घरात शिरत होतो. माझं लक्ष गावात नव्हतंच, लातुरात होतं. तिथं तेव्हा क्लासचं पीक जोमात आलं होतं. ज्याला भागाकार येत होता त्यानं पाटी लावली होती, आणि ज्याला येत नव्हता त्यानं येणारा पगारावर ठेवला होता. चौथीच्या स्कॉलरशिपला चार पोरं लावून दाखवायची, पेपरात नाव आणायचं आणि लातुरात आपलीही पाटी लावायची, असा माझा बेत होता. अडचण एवढीच होती की चौथी माझी नव्हती. ती बाईंची होती, आणि त्यातली हुशार पोरं मला दुपारचे दोन तास तेवढी मिळत.

बाईंना शिकवता येत नाही, हे मत मी पहिल्याच आठवड्यात बनवून टाकलं. पुरावे भरपूर होते. सतराचा पाढा त्या पोरांनाच विचारून घेत. कविता अशा चालीत म्हणत की व्हरांड्यातलं कुत्रं उठून जाई. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ करत नसत. आडव्या उभ्या राहून, तोंड पोरांकडे आणि हात मागं, असं लिहीत. ओळी साहजिकच उताराला लागत. वर छतापाशी सुरू झालेली ओळ खाली खडू ठेवायच्या कट्ट्यावर जाऊन टेके. मी मोठ्या गुरुजींना, म्हणजे आमच्या हेडमास्तरांना, एकदा म्हणालो की बाईंना निदान सुलेखनाचं काहीतरी करायला लावा. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा." मी सांगितलं नाही.

त्यांचं माहेर औशातल्या मणियारांचं. दोन पिढ्या बांगड्या भरण्यात गेल्या, तो हात नोकरी लागली तरी सुटला नव्हता. शाळेत आलेल्या पोराचा पंजा हातात घ्यायच्या, बांगडी चढवताना दाबतात तसा दाबायच्या आणि सांगायच्या, "दिवाळीला हा अडीचचा हात होता, आता सव्वादोनचा झालाय. घरी कोण आजारी हाय रे?" आणि घरी कोणीतरी आजारी निघायचंच. शाळेत वजनकाटा होता. पण तो कपाटात, कपाटाची किल्ली मोठ्या गुरुजींकडे आणि मोठे गुरुजी मीटिंगला तालुक्याच्या गावी.

एरवी त्या मला 'सर' म्हणत. रागावल्या की 'साहेब'. पहिल्या वर्षी मला बढतीच मिळत गेली.

त्याच वर्षी लातुरात समावेशक शिक्षणाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. शाळेतून एकाला पाठवायचं होतं. बाईंच्या वर्गात एक मुलगी ठार बहिरी, एक मुलगा पायानं अधू, दोघं अक्षर ओळखायला वर्ष घेणारी. म्हणून अर्थातच मला पाठवलं. मला लातूर बघायचं होतं. तीन दिवस पडद्यावर चित्रं पाहिली, केळीचे वेफर्स खाल्ले, आणि सगळ्या मुलांना सामावून घ्यावं असं वहीत लिहून आणलं. प्रमाणपत्र फ्रेम करून चौथीच्या भिंतीवर टांगलं. बाईंनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि विचारलं, "सर, हे आपण करतो तेच हाय का?" मी म्हणालो, "नाही बाई, हे शास्त्रीय आहे."

ती बहिरी मुलगी म्हणजे सरू. माझ्या प्रमाणपत्राच्या बरोबर खाली बसायची. तिच्या शेजारी परमेश्वर, पायानं अधू आणि डोक्यानं केंद्रातल्या सगळ्या शाळांत पहिला. माझा लातूरचा रस्ता ह्याच्यावरून जाणार, हे मी ओळखलं होतं. पण परमेश्वर दुपारी माझ्या तासाला आला की मागोमाग सरू येऊन बसे. "त्यो बसतोय तर ती बी बसंल," एवढंच बाईंनी सांगितलं होतं. सरू माणसाच्या ओठांकडे बघून समजून घ्यायची. मी फळ्याकडे वळून गणित सांगू लागलो की ती परमेश्वराला कोपरानं ढोसायची, तो हातवारे करून तिला सांगत बसायचा आणि माझं उदाहरण पुढं निघून जायचं. बाई आडव्या का लिहितात ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला एवढंच कळलं की माझा पोरगा वाया चाललाय.

मग मी एक काम केलं. सरूचा बाप माणिक किल्लारी-लातूर जीप चालवायचा. त्याला थांब्यावर गाठून सांगितलं, "पोरगी इथं बसून काय करतीय? अशांची शाळा वेगळी असते, शहरात." तो म्हणाला, "सर, तिथं पोचवायची कोणी, ठेवायची कुठं?" मी म्हणालो, ते बघता येईल. बघणार कोणीच नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण प्रशिक्षण घेतलेला मास्तर सांगतोय म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून सरू घरी भांडी घासायला लागली. बाईंना मी विचारलं नव्हतं. त्या गोष्टीची लाज मला आजही वाटते, आणि ती फ्रेम करून टांगण्यासारखी नाही.

त्या दिवशी हजेरी मधल्या रांगेत येऊन अडली. सरूच्या आधीची मुलगी उभी राहिली, रिकाम्या जागेवर हात धरून म्हणाली, "सरू न्हाई. घरी हाय. सरांनी नको म्हणून सांगितलं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात होतो. वाटलं, ओरडतील. त्यांनी फक्त परमेश्वराला विचारलं, "मग तुझी हजेरी कोण देणार?" परमेश्वरानं शेजारची रिकामी जागा बघितली. त्याच्या पलीकडच्या सतरा जणांची हजेरीही तिथंच अडली.

"बाई, समोर बसलाय की तो," मी म्हणालो.

"बसला असंल, साहेब. पण हजर न्हाई. अन् जो हजर न्हाई त्यो दुपारी तुमच्या तासाला कसा येईल?" बाईंनी हजेरीपट काखेत मारला, चपला घातल्या आणि वर्गाला म्हणाल्या, "चला."

चाळीसातली एकोणचाळीस पोरं आणि एक बाई अशी वरात सरळ गल्लीतून माणिकच्या अंगणात गेली. साच्यातल्या घरांत बाईंना बरोबर घर सापडलं. सरू राखेच्या हातानं उठली. बाईंनी पोरांना वर्गातल्यासारखं रांगेनं बसवलं, मधली जागा मोकळी ठेवली आणि हजेरी अडली होती तिथून सुरू केली. सरू येऊन जागेवर बसली. तिची हजेरी झाली. तिनं परमेश्वराच्या डोक्यावर राखेचा हात ठेवला, मग पायाकडे बोट दाखवून तोंड वाकडं केलं. म्हणजे ह्याचा पाय आज दुखतोय. सगळ्या वर्गाला ते समजलं. मला, प्रमाणपत्रवाल्याला, परमेश्वरानं समजावून सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख अचानक तपासणीला आले, तेव्हा चौथीच्या वर्गात मी आणि माझं प्रमाणपत्र एवढेच होतो. "वर्ग कुठं आहे?" त्यांनी विचारलं. "हजेरीला गेलाय," मी म्हणालो. "चला, दाखवा," ते म्हणाले.

त्यांना घेऊन मी अंगणात पोचलो तेव्हा गल्लीत पोरं आडवी, त्यांच्या मागं माणिकची जीप अडकलेली आणि जीपमध्ये कोंबलेले पॅसेंजर माणिकच्या नावानं बोंबलत होते. माणिकची बायको तीन दिवस इतक्या पोरांना पाणी पाजून बेजार झाली होती. शेवटी माणिकनं हात जोडले. "बाई, न्या बाबा तुमची पोरगी. पण ही शाळा माझ्या दारातून उठवा."

"पोरगी तुझीच हाय," बाई म्हणाल्या. "हजेरी आमची."

सरू परत आली. बाईंना मेमो मिळाला, की शालेय वेळेत वर्ग सोडून कोठे होता याचा खुलासा करावा. बाईंनी उताराच्या ओळीत खुलासा लिहिला, 'वर्ग सोडला नाही. वर्ग माझ्यासोबत होता.' मोठे गुरुजी तो वाचून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे पाणी मागायला गेले.

त्या मावशींनीच मला नंतर सांगितलं. भूकंप झाला तेव्हा बाई औशाला माहेरी होत्या म्हणून वाचल्या. महिन्याभरानं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. बाईंनी जुना पट उघडून पहिलं नाव पुकारलं. हजर. दुसरं पुकारलं, उत्तर नाही. तिसरं पुकारलं, उत्तर नाही. चौथ्या नावाच्या आधी एक पोरगी उठली, शेजारणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, ही हाय." मग त्या शेजारणीनं पुढचीच्या डोक्यावर ठेवला. त्यानंतर बाईंनी कधी नाव पुकारलं नाही. मी पुढं एकदा धीर करून त्यांना ह्याबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आपण हाय का न्हाई, हे आपल्याला काय कळतं सर? शेजाऱ्याला कळतं." आणि सतराच्या पाढ्याकडे वळल्या. तो पुन्हा चुकला.

परमेश्वराला स्कॉलरशिप मिळाली. पेपरात फोटो आला, मी आणि तो. खरं तर सरूही होती, शेजारी उभी राहिल्याशिवाय तो फोटो काढूच देईना. पेपरवाल्यांनी तिला कापलं, पण परमेश्वराच्या डोक्यावर एक हात उरला. तो कोणाचा, असं कोणी विचारलं की मी विषय बदलत असे. तो फोटो दाखवून मी लातुरात पाटी लावली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा बाईंनी माझा पंजा दाबून माप घेतलं. "जावा. लई पैसा मिळंल. तिथं हजेरी नीट घ्या."

क्लास चालला. चालला म्हणजे पळाला. हजेरीला मी यंत्र बसवलं. कार्ड टेकवलं की पोर हजर, चारशेंची हजेरी दहा मिनिटांत. एकदा जळकोटहून एका मुलीच्या बापाचा फोन आला, "सर, पोरगी येती का वेळेवर?" मी पडद्यावर बघून ऐटीत सांगितलं, "रोज हजर आहे, काळजी करू नका." तो म्हणाला, "पाच दिसापासून माझ्यासमोर बसलीय. रडालीय. परत जायचं न्हाई म्हणती. तुम्हाला कळलं का, ते बघावं म्हटलं." कार्ड तिची मैत्रीण टेकवत होती.

मी बाईंना फोन लावला. का लावला कोण जाणे. त्या रिटायर होऊन औशाला होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिच्या शेजारी कोण बसत होतं, साहेब?" मी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत चाळली, तेवढं त्यात नव्हतं. इतक्या वर्षांनी पुन्हा साहेब झालो होतो. ते शेवटचं बोलणं.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा औशाला गेलो. गल्ली माणसांनी भरली होती. निम्मी तरी बाईंच्या चौथीतली असावीत. मी एकालाही ओळखलं नाही. भिंतीला टेकून उभा राहिलो. बायकांतून एक जण बाहेर आली, गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिलेली, आणि माझ्या शेजारी येऊन थांबली. सरू. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, वर्षं मोजल्यासारखं. मग हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या डोळ्याखाली बोट ओढून गल्लीतल्या लोकांना दाखवलं, की ह्याला रडू येतंय. ते खरं होतं.

मी तिची हजेरी बंद केली होती. तिनं माझी दिली आणि हात काढून वाट बघत उभी राहिली. आता माझी पाळी होती. माझ्या दुसऱ्या बाजूला एक माणूस केव्हापासून उभा होता, पांढऱ्या टोपीतला, हातात रिकामी पाण्याची घागर. मी त्याच्याकडे वळलो आणि त्याचं नाव विचारलं.