आढीत घातलेले पीच

परभणीहून ताडकळसच्या बसमध्ये बसलो तेव्हा पिशवीत छोटा तराजू, रसाची गोडी मोजायची नळी आणि एक कोरा तक्ता होता. फळझाडं तपासण्यात माझी उभी नोकरी गेली. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. माझा जुना मित्र दिगंबर याच्या पाच पीचच्या झाडांना यंदा पहिल्यांदाच भरपूर फळ धरलं होतं, तेही आंब्याच्या आधी. फळ चांगलं निघालं नाही तर झाडं काढून मोसंबी लावायची, असं त्याच्या बायकोने, गयावहिनींनी, ठरवून टाकलं होतं. म्हणून त्याने मला तपासायला बोलावलं होतं.

फाट्यावर उतरलो तर चैत्राचं ऊन चटके देत होतं. दिगंबर मोटारसायकल घेऊन उभा होता. शेत येईपर्यंत तो पीचबद्दलच बोलत राहिला. झाडं मात्र रिकामी दिसली. फळं कुठं गेली म्हणून विचारलं, तर त्याने मला मोठ्या कौतुकाने आखाड्यावरच्या (शेतातल्या घराच्या) खोलीत नेलं. फळं कडक असतानाच उतरवून त्याने आंब्यासारखी आढी (पिकण्यासाठी गवतात लावलेली रास) घातली होती!

गवत बाजूला केलं आणि आंबूस वास आला. निम्मी फळं सडली होती, उरलेली सुरकुतून बेचव झाली होती. पीचला गोडी भरते ती झाडावरच. मला त्याचा रागही आला आणि त्याचा चेहराही बघवेना.

वहिनींनी पिठलं, ज्वारीची भाकरी आणि भुरका (तेलात परतलेलं लसूण-तिखट) वाढला. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," एवढंच त्या म्हणाल्या. दिगंबर खाली मान घालून जेवला.

मी कोरा तक्ता घडी करून ठेवायला लागलो तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "पाखरांची हायेत की, भावजी."

त्यांच्याकडे कुठलंच झाड पुरतं उतरवत नाहीत. शेंड्याची फळं पाखरांची. बाकी झाडांवरची पाखरांनी संपवली होती; विहिरीजवळच्या झाडावर पानांआड सहा होती, दोन चोचलेली. मनातल्या मनात पाखरांची माफी मागून मी चार काढली. फळ लहान, लाली सुरेख, साल पातळ, गर कोयीला घट्ट धरलेला. लवकर येणाऱ्या वाणांत हे बहुधा असतंच. गोडी मात्र मी दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा विश्वास बसेना. पण एवढं मऊ फळ मोंढ्यापर्यंत धड पोचणार नव्हतं. मी तक्त्यावर लिहिलं, 'बाजारासाठी नापास', आणि तसं सांगितलंही.

वहिनींनी एक फोड तोंडात टाकली, मग दुसरी. "अन् खायला?" त्यांनी विचारलं.

तक्त्यात तो रकानाच नव्हता. खायला फार चांगलं आहे, असं मी खरं ते सांगितलं.

"मंग हिरीजवळचं ऱ्हाऊ द्या. बाकीच्या चारांच्या जागी मोसंबी लावू," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अन् मी सांगितल्याबिगर फळाला हात लावायचा न्हाई."

दिगंबरने मान डोलावली. चार झाडं जाणार होती, पण तो एकाकडेच बघत होता.

निघताना वहिनींनी एक पीच रुमालात बांधून दिला. परभणी येईपर्यंत तो पिशवीत दबला आणि रस 'नापास'वर पसरला. नोकरीभर मी फळं चाखली ती फोडीफोडीने, तपासण्यापुरती. अख्खं फळ शेवटचं कधी खाल्लं ते आठवेना. बसस्थानकाच्या बाकड्यावर बसून, रस कोपरापर्यंत ओघळू देत, मी तो सगळा पीच खाल्ला.