पेठेचा परदेशी खेळाडू

कोल्हापुरात फुटबॉल न कळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भाजीवालीला कळतो, वकिलाला कळतो, तालमीच्या वस्तादाला तर जन्मतःच कळतो. फक्त त्यांच्या फुटबॉलमध्ये अकराच्या अकरा जण स्ट्रायकर असतात. मी डिफेंडर. गोल होऊ न देणं हे माझं काम, आणि न झालेल्या गोलाचा फ्लेक्स कोणी छापत नाही.

माझा मात्र एकदा छापला होता. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरच्या क्लबनं मला करारावर घेतलं, तेव्हा पेठेच्या तोंडाशी मी आठवडाभर लटकत होतो. मुंडकं माझं, धड कुठल्यातरी नामांकित स्ट्रायकरचं, एक पाय हवेत, आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे माझ्यापेक्षा ठसठशीत. सत्काराला फेटा बांधला, नारळ दिला. पेठेतली पोरं रात्र रात्र जागून टीव्हीवर ज्या मॅच बघतात, त्यात मी आता दिसणार असं एकानं भाषणात सांगून टाकलं. तो गैरसमज मी दूर केला नाही. डोक्यावर फेटा असताना खरं बोलणं फार अवघड जातं.

खरं एवढंच होतं, की क्लब तिथल्या खालच्या लीगमधला होता. मैदानाच्या एका अंगाला फरशीचा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला चर्च. प्रेक्षक म्हणजे पेन्शनर मंडळी आणि एक कुत्रं. त्यातलं कुत्रं शेवटपर्यंत थांबायचं, मंडळींची खात्री नसे. आमच्याकडे पेठेचा सराव बघायला याहून जास्त गर्दी जमते. माझं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे मला ‘इंडिया’ म्हणू लागले. त्यामुळे माझ्या बाजूनं गोल झाला की चूक माझी, पण नाव अख्ख्या देशाचं निघायचं.

आणि चूक माझीच असायची, कारण परदेशी मी एकटाच होतो. गोल झाला की दहाजण वळून माझ्याकडं बघत. याचं मला कधी नवल वाटलं नाही. परदेशी खेळाडूचं काय करायचं असतं, ते मी घरूनच शिकून गेलो होतो.

आमच्या पेठेत दर हंगामाला आफ्रिकेतून एक-दोन खेळाडू आणतात. संघ तालमीचाच, म्हणून त्यांना तालमीच्या वरच्या खोलीत ठेवायचं. अंडी, दूध, मटण, काही कमी पडू द्यायचं नाही. शेजारच्या पेठेनं फितवू नये म्हणून खाली पहारा बसवायचा. फायनल जिंकली तर खांद्यावर घेऊन मिरवायचं आणि हरली तर सकाळी तालमीच्या दारात रिक्षा उभी करायची. त्याच्याशी कोणी भांडत नाही, नुसतं बघणं बंद करतात. मैदानावर शिव्या बसतात, पण त्याही त्याच्या एकट्यापुरत्या, तोंडी लावण्याइतक्या. त्याच्या घरादाराचा उद्धार करायचा तर घर कुठलं आणि दार कुठलं हे कुणाला माहीत असतं?

माझे वडील फौंड्रीतून निवृत्त झालेले. उमेदीत ते याच पेठेच्या संघातून खेळले, अर्थात स्ट्रायकर म्हणून. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. विचारायचे, “गोल?” मी म्हणायचो, नाही. मग म्हणायचे, “बरं. जेवलास का?” आणि फोन आईकडे जायचा. मी बेटावर होतो तेवढे सगळे रविवार आमचं फुटबॉलवरचं बोलणं एवढंच झालं. एकदा मी त्यांना समजावलं, की आम्ही सलग काही मॅच एकही गोल खाल्लेला नाही आणि तिकडे याला मोठी किंमत आहे. ते म्हणाले, म्हशी राखायला गेलेल्यानं आज एकबी म्हस हरवली न्हाय म्हणून पेढे वाटल्यागत झालं हे.

मग उजवा गुडघा गेला. क्लबनं माझे मनापासून आभार मानले, म्हणजे हाकललं. तिकडे दारात रिक्षाऐवजी टॅक्सी उभी राहते, एवढाच फरक.

गावी परतलो तेव्हा माझी एकच गोष्ट राहिली होती. मी शाळेत असतानाच गोव्याला अकादमीत गेलो, त्यामुळं पेठेच्या थोरल्या संघाची जर्सी मी कधी अंगात घातलीच नव्हती. जग फिरून आलो, पण आपल्या स्टेडियमवर आपल्या रंगात उतरलो नाही, हे मला फार लागून राहिलं होतं. गुडघा एखादा हंगाम काढेल असं डॉक्टर म्हणाले. तो हंगाम मला पेठेचा पोरगा म्हणून, वडील गॅलरीत बसलेले असताना खेळायचा होता. इंडिया नाही, पाहुणा नाही, घरचा.

कमिटीनं आनंदानं होकार दिला आणि त्याच आनंदात मला परदेशी कोट्यात घातलं.

झालं असं, की माझी शेवटची नोंदणी बेटावरच्या क्लबकडं होती. ती इकडं यायला वेळ लागणार आणि लीग तर तोंडावर आलेली. परदेशी खेळाडूंच्या दोन जागांपैकी एक मात्र रिकामी होती. आमच्या सेक्रेटरींनी उभ्या जन्मात चेंडूला पाय लावला नसेल, पण नियमातून वाट काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी माझी तक्रार ऐकून घेतली, पाठीवर थाप मारली.

“कागदावर रं नुस्तं,” ते म्हणाले. “मनातनं तू आपलाच की.”

पण कोल्हापुरात एकदा पद्धत ठरली की ठरली. परदेशी खेळाडू तालमीवर राहतो, म्हणून मीही तालमीवर राहायचं. आमचं घर तिथून चार गल्ल्या पलीकडं. मी हसलो, तर कोणी हसेना. खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर नायजेरियाचा स्ट्रायकर होता. कोल्हापुरात बरेच हंगाम काढल्यानं त्याची बोली माझ्यापेक्षा सुधारलेली. घरातून हाकलल्यासारखं माझं तोंड बघून त्यानं पहिल्याच दिवशी मला धीर दिला. “टेन्शन घिऊ नको भावा. जिंकलं की खांदा, हरलं की रिक्षा.”

आई डबा घेऊन आली तर पहाऱ्यावरच्या कार्यकर्त्यानं तिला जिन्याशीच अडवलं. खेळाडूंना भेटायला बंदी आहे म्हणाला. हा गृहस्थ लहानपणी निम्म्या दुपारी आमच्याच घरी जेवायला असायचा. आईनं त्याला त्याची आठवण अशी करून दिली की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, आणि डबा त्यानंच वर आणून दिला. ती मात्र खालूनच परत गेली. मी खिडकीतून तिला हात केला. माझ्याच पेठेत, माझ्याच आईला, परदेशातून केल्यासारखा.

हंगाम बरा गेला आणि आम्ही फायनलला पोचलो. समोर शेजारची पेठ, स्टेडियम तुडुंब, आणि वडील गॅलरीत त्यांच्या नेहमीच्या पायरीवर. जर्सी मी आधी उलटी घातली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मॅच शून्य-शून्यवर संपत आली होती. उजवीकडून क्रॉस आला. सोडून दिला असता तर गोलकीपरनं डोळे झाकून धरला असता. पण जन्मभर पाय आडवा घालायचाच धंदा केलेला माणूस मी, घातला आडवा. चेंडू गुडघ्यावर आदळला आणि आमच्याच जाळ्यात गेला. गुडघाही तोच, डॉक्टरांनी एका हंगामापुरता दिलेला.

मग गॅलरीतून जे आलं ते छापण्याजोगं नाही. त्यात माझी आई होती, आजोबा होते, आमचा उंबरा होता, आणि वडील तर जिथं तिथं होते. मी जर्सी तोंडावर ओढून बाहेर आलो. वडिलांच्या पायरीकडं बघायची माझी छाती झाली नाही. घरी न जाता मी तालमीवरच पडून राहिलो. तिथून मला कोणी हाकललं नाही, कारण हाकलायची वेळ सकाळची ठरलेली असते.

सकाळी रिक्षा आली. कार्यकर्त्यानं स्ट्रायकरची बॅग ठेवली, तिच्याशेजारी माझी ठेवली, आणि दोघांकडंही न बघता आत गेला. चार गल्ल्या मी चालत गेलो असतो, पण पेठ दात घासत दारोदार उभी होती. मी गुमान बसलो. स्टेशनवर स्ट्रायकरनं मला मिठी मारली आणि पुढच्या वर्षी शेजारच्या पेठेकडून येणार असल्याची खबर दिली. तो गेल्यावर रिक्षावाल्यानं पुढंच बघत विचारलं, “पावणं, तुम्हाला कुठं? स्टँडला?”

मी आमच्या गल्लीचं नाव सांगितलं. त्यानं आरशातून मला नीट पाहिलं आणि रिक्षा वळवली. थोडं पुढं गेल्यावर तो आपणहून बोलू लागला. काल तो गॅलरीत माझ्या वडिलांच्या मागच्याच पायरीवर होता. गोल झाला तसा त्याच्या शेजारचा एकजण उठून माझ्या बापाचा उद्धार करायला लागला. तेव्हा वडील उभे राहिले, मागं वळले आणि म्हणाले, “बाप हितं बसलाय. पोरगा माझा हाय. काय बोलायचं ते तोंडावर बोल.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, बोलला की तोंडावर. तुमच्या वडलांनी सगळं ऐकून घेतलं. आनि मग त्येच सुरू झाले तुमच्यावर. आमच्यापेक्षा वंगाळ.”

मला रिक्षात रडू आलं. बेटावर मला कोणी बापावरून बोललं नव्हतं. आमच्या खोलीतल्या स्ट्रायकरनं फायनलला तीन संधी घालवल्या, पण त्याच्या बापाचं नाव काल एकानंही काढलं नाही. मला मात्र घरादारासकट शिव्या बसल्या होत्या, आणि घरातल्याच माणसानं त्यात आपली भर घातली होती. सेक्रेटरींना कागदावर जे जमलं नव्हतं, ते स्टेडियमनं काल एका दमात करून टाकलं होतं.

गल्लीत उतरलो. वडील दारातल्या पायरीवर बशीतून चहा पीत बसले होते. त्यांनी बॅग पाहिली, गुडघा पाहिला. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“गोल?” त्यांनी विचारलं.

“एक,” मी म्हणालो.

“बरं,” ते म्हणाले. “जेवलास का?”