मागे सरकवलेली सीट

सिस्टर इंजिनाला हात लावायच्या आधी हात धुवायच्या. सगळं जग नंतर धुतं. सिस्टर मात्र मोरीवर बसून कोपरापर्यंत साबण लावायच्या, नखं घासायच्या आणि मगच बॉनेट उघडायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "आतल्याला आपला मळ कशाला?" पस्तीस वर्षं पोलादपूरकडच्या खेड्यांतून बाळंतपणं केलेल्या बाईची ती सवय होती. निवृत्तीनंतर बाळं संपली, सवय तेवढी राहिली.

त्या मूळच्या उमरठच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर महाडात आमच्या शेजारच्या दोन खोल्या घेतल्या आणि वर्षभरात एक जुनी मिनीबस अंगणात आणून उभी केली. लग्नाची वऱ्हाडं वाहून वाहून ती थकली होती. सिस्टरांनी आतली बाकडी काढली, दोन खाटा बसवल्या, शेगडीचा ओटा केला, पाण्याची टाकी लावली, खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे शिवले. राहायला घर आणि फिरायला गाडी एकच. मेकॅनिकने इंजिन सुरू करून एकदा ऐकलं आणि भंगारात घाला म्हणून सांगितलं. "त्यानं धड तपासलंसुद्धा नाय," असं म्हणून त्यांनी त्या दिवसापासून उपचार स्वतःकडे घेतले.

मी त्याच गावात बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. फोर-स्ट्रोक इंजिन हा माझा हातखंडा विषय. शाळेत लाकडी मॉडेल होतं, त्याचा दांडा फिरवला की पिस्टन वरखाली व्हायचा आणि मुलं टाळ्या वाजवायची. खरं इंजिन मी कधी उघडलं नव्हतं. स्कूटरचा प्लगसुद्धा गॅरेजवालाच बदलायचा. त्यामुळे सिस्टर वही घेऊन माझ्याकडे इंजिन समजून घ्यायला आल्या तेव्हा मी फार खूश झालो. तासभर शिकवलं, आकृती काढून दिली. आठ दिवसांनी आकृती परत घेऊन आल्या.

"सर, चित्र झ्याक हाय. पण थंड इंजिनात झडप ढकलणाऱ्या टॅपेटला जरा फट ठेवावी लागते, ती तुम्ही दाखवली नाय. धातू तापला की वाढतो ना?"

धातू तापला की वाढतो, हे मी दरवर्षी आठवीला शिकवत होतो. त्या दिवशी मला सिस्टरांचा पहिल्यांदा हेवा वाटला आणि मग तो कायमचा मुक्कामाला आला.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी बघायचं, मग ऐकायचं, हात शेवटी लावायचा. ऐकायला त्यांचा जुना स्टेथोस्कोप होता. तो इंजिनावर ठिकठिकाणी टेकवून, डोळे मिटून त्या उभ्या राहायच्या. काढलेले नटबोल्ट इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवायच्या. पहिला बोल्ट पहिल्या खळग्यात, पुढचा पुढच्यात, आणि बसवताना उलट्या क्रमाने. एकही बोल्ट कधी उरला नाही की हरवला नाही. ते इडलीपात्र आमचं होतं. माझी बायको सुमन ते स्वतःहून देऊन आली होती आणि आमच्याकडे पुढे इडली झाली नाही. गाडीची एक वहीसुद्धा होती. ऑइल कधी बदललं, फॅनचा पट्टा कधी ताणला, धूर कोणत्या रंगाचा आला, सगळं रुग्णाच्या कागदासारखं लिहिलेलं.

सुमन त्यांच्या हाताखाली कधी गेली ते मला कळलंच नाही. आधी चहा द्यायला जायची, मग टॉर्च धरायला. एकदा दोघी गाडी घेऊन कशेडीला गेल्या. घाटात पट्टा तुटला. मागे ट्रकांची रांग लागली, आणि या दोघींनी रस्त्याकडेला उभं राहून नवा पट्टा चढवला. घरी आल्यावर सुमन ते सांगत होती तेव्हा तिच्या गालाला काळं लागलेलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. मी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीने तिचा चेहरा असा उजळला नव्हता. मी म्हणालो, गरम पाणी लावून ठेवलंय, आंघोळ कर. तेवढंच सुचलं.

मग तो पूर आला. महाडात पावसाळ्यात सावित्रीचं पाणी येतं, जातं, आम्हाला त्याचं नवल नाही. त्या वर्षी ते चढलं पटकन. सिस्टर भावाकडे उमरठला होत्या, रस्त्यावर दरड आलेली, फोन बंद. पाणी ओसरलं तेव्हा मिनीबस अंगणातच होती, पण निम्म्या इंजिनापर्यंत चिखलाची रेघ उमटलेली. पाण्यात बसलेल्या गाडीला चावी लावायची नाही, हे महाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आधी आतलं पाणी काढायचं, मग बाकीचं. सुमनने मला बजावलंसुद्धा, "सिस्टर येईपर्यंत तुम्ही हात लावू नका."

'तुम्ही' हा शब्द मला लागला. ती शेजारी चिखल काढायला गेली आणि मी सिस्टर आमच्या खुंटीला लावून गेलेली चावी घेतली. गाडी चालू करून ठेवायची, सिस्टर आल्या की म्हणायचं, झाली हो सुरू, विशेष काही नव्हतं. सीट मागे ढकलली, बसलो, चावी फिरवली. दोनदा नुसतं कण्हलं. तिसऱ्यांदा इंजिनाने क्षणभर धरलं आणि आत ठक्क आवाज होऊन सगळं थांबलं. पिस्टनने हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, हेही मी बत्तीस वर्षं शिकवलं होतं. चावी खुंटीला लावली आणि खराटा घेऊन अंगण झाडायला लागलो.

रस्ता उघडल्यावर सिस्टर आल्या. हात धुतले, बघितलं, ऐकलं. इंजिन उघडलं तेव्हा आतला पिस्टनचा एक दांडा वाकलेला निघाला. "पुरानं केलं," एवढंच म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला सांगून टाकायचं होतं. रोज सकाळी ठरवायचो, आणि सुमनकडे बघितलं की जीभ आत जायची. त्याऐवजी मी टॉर्च धरायला जायला लागलो. चार महिने सिस्टर गाडीखाली रबराची चादर अंथरून पडलेल्या असायच्या आणि मी उकिडवा बसून उजेड दाखवायचो. भंगारवाल्याकडून तसाच दांडा शोधून आणला, बसवला. मला पाना दिला, टॅपेटची फट मोजायला लावली, चुकलो की पुन्हा मोजायला लावली. इंजिन सुरू झालं त्या दिवशी स्टेथोस्कोप पहिल्यांदा माझ्या कानाला लावला. मी बराच वेळ ऐकत राहिलो.

पुढे त्यांचे गुडघे गेले. गाडीखाली शिरता येईना, म्हणून भावाकडे उमरठला कायमचं जायचं ठरवलं. गाडी सुमनला दिली. वही दिली, स्टेथोस्कोप दिला, इडलीपात्र परत दिलं. चावी मात्र माझ्या हातात ठेवली.

"चावी सरांकडं राहू दे, सुमन गो. पाणी आलं तर ते आता ती लावायचे नाय."

सुमन माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"आले त्याच दिवशी. सीट मागं होती, सर. माझे पाय पेडलला पोचंनात."

मग तेव्हाच का नाही बोललात, असं मी म्हणालो. सिस्टरांनी पिशवी खांद्याला लावली.

"बोलले असते तर तुम्ही टॉर्च धरायला आलाच नसता."

त्या गेल्यावर सुमनने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी वही उघडून ऑइल बदलायची तारीख बघितली.

हेवा काही गेलेला नाही. आधी तो शेजारी होता, आता घरातच राहायला आला आहे. सुमन गाडीखाली जाते, मी इडलीपात्र घेऊन बाहेर बसतो. परवा गाडीखालून तिने मला पुढचा पाना मागितला. मी तो उचलून खाली वाकलो, तर तिने हात मागे घेतला.

"अहो, आधी हात धुऊन या."

मी मोरीवर गेलो आणि कोपरापर्यंत धुतले.