कुजबुजेंचा समुद्र

पडदा वर जातो. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. डावीकडे खिडकी, तिच्यावर जाड कापड; ऊन आलं की टाकीत शेवाळ माजतं. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार आणि दारात हात पुसत उभी असलेली एक बाई. ती उंबरठा ओलांडत नाही. मधोमध चार फुटांची काचेची टाकी, निळसर उजेड, पंपाची घरघर, खडकांवर उमललेली प्रवाळं. टाकीसमोर वेताच्या खुर्चीत पंचाहत्तरीचा एक काटकुळा माणूस. मांडीवर वही, नाकावर चष्मा, आणि नजर दारातल्या बाईवर.

"काय बघता?" ती विचारते.

"तू काय बघतेस, ते बघतोय."

हे आमचे कुजबुजे, आणि दारातली ती त्यांची बायको, आमच्या वहिनी. खरं आडनाव काय ते मलाही आठवत नाही. पस्तीस वर्षं ते आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर घ्यायची आणि ज्याचं वाक्य अडेल त्याला ते कुजबुजून पुरवायचं. मी वाक्य विसरणार, हे माझ्याआधी त्यांना कळायचं. एकदा म्हणाले, "बाई, तुमचा डावा खांदा वर गेला की पुढचं वाक्य गेलेलं असतं." त्या दिवसापासून मी खांदा आवळूनच कामं केली. देवमाणूस, पण पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका टिपल्यावर माणूस घरी बसला की काय करणार? घरच्यांच्या टिपणार.

कंपनी मिटली तेव्हा निरोपाला मी त्यांना एक घंटा दिली. बोटभर उंचीची, पितळेची. पडदा ओढणाऱ्याला इशारा द्यायला ते तीच वाजवायचे. सामान विकायला काढलं त्या दिवशी ती मी पदराखाली लपवून आणली होती. म्हटलं, "घ्या, तुमचा पडदा तुमच्याच हातात." त्यांचे डोळे भरून आले. प्रेक्षकहो, ही घंटा लक्षात असू द्या.

टाकीचा नाद पुढच्याच वर्षी लागला. चष्मा दुरुस्त करायला निघालेले कुजबुजे शेजारच्या मत्स्यालयाच्या दुकानात शिरले. दुकान चालवणारी बाई, तिला आम्ही टाकीवाली म्हणतो, नेमकी त्याच वेळी दिवे लावत होती. उजेड पडला आणि मिटलेली प्रवाळं हळूहळू उमलू लागली. कुजबुजे संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. मला येऊन सांगितलं, "बाई, पडदा उघडतो ना, तसं उघडतं. आणि कुणीही वाक्य चुकत नाही!"

वाक्य चुकले ते स्वतःच. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं असतं. कुजबुजे रोज खारं ओतत राहिले. समुद्र म्हटल्यावर खारंच घालायचं, नाही का! दोन महिन्यांत मासे खारवायचेच बाकी राहिले होते. महागामोलाची सात प्रवाळं गेली. वहीत काय लिहिलं? 'मीठ भेसळीचं असावं. टाकीवालीवर लक्ष ठेवणे.'

आता दुसरं पात्र. कुजबुजेंचा मेहुणा, म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. नळदुरुस्तीचं काम करणारा, गडगडाटी हसणारा, दर रविवारी बहिणीकडे येणारा. वहिनींच्या माहेरचं तेवढंच माणूस उरलेलं. टाकीत कुजबुजेंची लाडकी कोळंबी होती, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. माशांच्या अंगावर चढून त्यांना साफ करणारी. मेहुण्याने काचेला नाक लावलं आणि म्हणाला, "भाऊजी, चांगली पोसलीय की! कांदा चिरायला घेऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळंबी खडकावर आडवी. मिशा, पाय सगळं जागच्या जागी, पण निश्चल. कुजबुजेंनी चिमट्याने ती बाहेर काढली, तर आत काहीच नाही. नुसतं पारदर्शक टरफल.

"आतून खाल्लीय," ते म्हणाले.

मी टाकीवालीला फोन लावला. ती हसली. "अहो, कात टाकलीय तिने. नवीन अंग कडक होईपर्यंत लपून बसेल, चार दिवसांत येईल बाहेर."

"ती सामील आहे," कुजबुजे म्हणाले. "गिऱ्हाईक तुटू नये म्हणून बोलतेय."

त्याच दुपारी कपाटातून घंटा निघाली. टाकीच्या झाकणाला, आतल्या बाजूने, चोराला दिसणार नाही अशी त्यांनी ती दोऱ्याने टांगली. कुणी झाकण उचललं की टण्ण! मी पाहत होते. मला कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी कोळंबी खडकामागून बाहेर आली. टवटवीत, मिशा हलवत. कुजबुजेंचा चेहरा उजळेल म्हणून मी पाहिलं, तर पांढरा पडलेला.

"बदली!" ते पुटपुटले. "बाई, ही बदली नटी आहे. मूळची मारली आणि गाजावाजा नको म्हणून दुसरी आणून सोडली. हिची डावी मिशी आखूड आहे बघा."

रविवारी मेहुणा आला, तर कुजबुजे दारातच उभे. "कुठून आणलीस?"

"काय?"

"कोळंबी."

मेहुण्याला आधी हसू आलं. मग कळलं की माणूस खरंच विचारतोय. "भाऊजी, तुमच्या टाकीला मी कधी बोट लावलं?"

"कांदा कोण चिरणार होतं?"

"अहो, थट्टा होती ती!"

"थट्टेतच खरं बोललं जातं. पस्तीस वर्षं संवाद ऐकलेत मी."

मेहुण्याने हातातली पिशवी बहिणीकडे दिली. "ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, टाकीलाच काय, आता या दारालाही माझा हात लागायचा नाही." आणि जिना उतरून गेला. पाच महिने आला नाही. वहिनी भावाला भाजीच्या रांगेत भेटत, उभ्या उभ्या.

आणि मग खरंच मरणं सुरू झाली. आधी काच साफ ठेवणाऱ्या शंखाच्या गोगलगायी एकेक करून तळाला उलट्या पडल्या. मग कोळंबी गेली. या वेळी टरफल रिकामं नव्हतं. मग प्रवाळं मिटू लागली आणि मिटली ती उघडेनात. प्रत्येक मरणानंतर कुजबुजे झाकणाखाली हात घालून, चाचपतच, घंटेचा दोरा आणखी आखूड करत, म्हणजे झाकण केसभर हललं तरी वाजावी. वहिनींना खोलीत यायची बंदी झाली. वहीची पानं भरत गेली. 'सकाळी सात. ही टाकीकडे पाहून हसली.'

एकदा मला म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुम्ही मागच्या बुधवारी आलात आणि त्यानंतरच जांभळं प्रवाळ मिटलं."

"कुजबुजे, माझा खांदा वर गेला होता का?"

त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. "नाही."

"मग सोडा मला."

वहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. पलंगाखालून बॅग काढून दाखवली, भरलेली. "पहिल्या तारखेला भावाकडे चाललेय, बाई. राहायला. या वयात नवऱ्याने घरात चोरासारखी पाळत ठेवायची म्हणजे काय?"

"त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, हे तुला भावाने शिकवलंय."

पहिली तारीख सहा दिवसांवर होती. मी कुजबुजेंच्या एका हातात टाकीतल्या पाण्याची बाटली दिली, दुसरा हात धरला आणि त्यांना दुकानात नेलं.

टाकीवालीने पाणी तपासायच्या आधी प्रश्न विचारले. "मासे कसे आहेत?"

"ठणठणीत."

"गोगलगायी?"

"सगळ्या गेल्या."

"कोळंबी, प्रवाळं?"

"कोळंबी गेली. प्रवाळं तीन उरलीत."

"मग पाण्यात तांबं आहे," ती म्हणाली. "मासे थोडंफार सोसतात, बाकीच्यांना ते विषच." काचेच्या नळीत पाणी घेऊन तिने औषधाचे थेंब टाकले. रंग चढला. तिने नळी उजेडात धरली आणि भुवया उंचावल्या.

कुजबुजेंनी टेबलावर हात आपटला. इतका मोठा आवाज मी त्यांचा जन्मात ऐकला नव्हता. "तांबं! नळवाला! दिवसभर हातात तांब्याच्या नळ्या! बाई, ऐकलंत?"

"कोण नळवाला?"

"माझा मेहुणा."

"शेवटचा कधी आला होता?"

"पाच महिने झाले."

टाकीवालीने मान हलवली. "मग तो नाही. मधे तुम्ही किती वेळा पाणी बदललंत! हे रोज थोडं थोडं पडतंय. टाकीच्या वर काही धातूचं आहे का? बिजागरी, चिमटा, काहीही?"

"काही नाही."

"पितळेचंसुद्धा? पितळ म्हणजे बरंचसं तांबंच की. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे लागले की गळायला लागतं."

 मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा डावा खांदा हळूहळू वर गेला.

घरी आलो. त्यांनी झाकण उचललं. घंटा वाजली नाही, नुसती ठक्क झाली. हिरवीगार झाली होती, आतून बाहेरून, शेवाळल्यासारखी. ओठाला एक हिरवट थेंब लोंबत होता. आमच्यादेखत तो टाकीत पडला.

वहिनी उंबरठा ओलांडून आत आल्या. वाकून पाहिलं. "कळकलीय," त्या म्हणाल्या. "पितळेला आंबट-खारट लागलं की कळकतं. कुठल्याही बाईला विचारा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला आतलं काय दिसणार? झाकण उचललं असतं तर घंटा वाजली असती ना!"

कुजबुजे खुर्चीत बसले.  मला राहवलं नाही. "कुजबुजे, घंटा मी दिली होती."

त्यांनी मान वळवली. डोळे बारीक झाले. "मुद्दाम?"

"निरोपाची भेट होती हो ती!"

"हं," ते म्हणाले. तेवढ्यावर माझी सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात हजर. इस्त्रीचा सदरा, खिशात वहीचं फाडलेलं पान. "चला. साक्षीदार हवा."

मेहुण्याचं दुकान म्हणजे एक गाळा. भिंतीला नळ्या, फरशीवर लोखंडाचा कीस. तो शिकंज्यात नळी धरून आटे पाडत होता. आम्हाला पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. कुजबुजेंनी कागद काढला, उलगडला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. चष्मा घरी राहिला होता. ओठ हलले, शब्द येईना. पस्तीस वर्षं मी ज्यांच्या कुजबुजीवर तरले, त्यांच्या कानाशी मी वाकले आणि हळूच म्हटलं, "माझं चुकलं..."

"गप्प बसा, बाई. पाठ आहे मला."

पण खिशातून घंटा काढून शिकंज्याशेजारी ठेवली. मेहुण्याने हात थांबवला. घंटा उचलली, नखाने खरवडली, खालचं पिवळं दिसलं.

"पितळ. कुठे ठेवली होती?"

"टाकीत. झाकणाला."

"खाऱ्या पाण्यावर?" मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. "कुणी टांगली?"

कुजबुजेंनी कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

"मी."

"कशाला?"

"तू आलास तर कळावं म्हणून."

मेहुण्याने घंटा हलवून पाहिली. ठक्क. "मग? माझ्या हाताने वाजली का कधी?"

"नाही."

मेहुणा तोंड फिरवून नळीवरचा कीस झटकत राहिला. पाठमोरे खांदे हलत होते. हसत होता की काय, मला दिसलं नाही. मग विचारलं, "ताई काय करतेय?"

"बॅग भरून बसलीय."

"तिने इकडे यायचं की मी तिकडे येऊ?"

"तू ये," कुजबुजे म्हणाले. "रविवारी ये. हात कोपरापर्यंत धू, बोटातली ती अंगठी काढ, आणि खुशाल टाकीजवळ बस." ते गाळ्याबाहेर पडले, पायरी उतरले, थांबले, परत दोन पायऱ्या चढून आत डोकावले.

"आणि आता आपल्यात काही राहिलं नाही, तेव्हा खरं सांग: ती दुसरी कोळंबी तूच आणून सोडली होतीस ना?"