गोडदेवची आगबोट

मीरा-भाईंदरच्या अख्ख्या वस्तीत आफ्रिकेतल्या एका तळ्याची काळजी वाहणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा चुलतकाका निघावा, हे माझं नशीब. काका गोडदेवला तळमजल्यावरच्या दीड खोलीत राहायचे. जन्मभर छत्र्यांच्या कारखान्यात नोकरी केली, उत्तनच्या समुद्रात कधी घोट्याच्या वर पाय भिजवला नाही, पण एका मालवाहू आगबोटीचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. अडचण एवढीच, की तो दर वेळी वेगळा असायचा. मला कुठलीही गोष्ट क्रमाने लागते. वाणसामान असो की गणपतीची तयारी, आधी काय, मग काय, हे ठरल्याशिवाय मी जागची हलत नाही. काकांची बोट मी कितीदा तरी क्रमाने लावायला घेतली, आणि दर वेळी मलाच बोट लागल्यासारखं झालं.

पक्कं होतं ते एवढंच: काकांचे वडील रत्नागिरीकडून आफ्रिकेला गेले. तिथल्या एका मोठ्या तळ्यावर माल वाहणारी आगबोट होती, तिच्या भट्टीवर ते लाकडं लोटायच्या कामाला लागले. काका तेव्हा पाळण्यात होते. पुढे वादळात बोट बुडाल्याची बातमी घरी आली. वडिलांची कसलीच बातमी आली नाही.

यानंतर सगळा गोंधळ. बोटीचं नाव कधी राणीचं, कधी कुठल्याशा साहेबाच्या मेमचं. माल एका वर्षी कापूस, पुढच्या वर्षी भुईमूग, त्याच्या पुढच्या वर्षी मीठ. मी एकदा म्हटलं, "काका, मिठाची पोती असती तर विरघळून गेली असती." काका म्हणाले, "म्हणून तर पुरावा सापडत नाही." आणि भट्टीवाले, म्हणजे काकांचे वडील, त्यांची तर निराळीच तऱ्हा. एकदा ते तापाने फणफणले म्हणून अलीकडच्या बंदरात उतरले. एकदा मुकादमाशी भांडण झालं. एकदा तंबाखू आणायला म्हणून गेले आणि बोट त्यांना टाकून निघाली. "यांची बोट अजून बुडतेच आहे," काकी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "एकदाची तळाला लागली तर मी दिवा लावायला मोकळी होईन."

बोट का बुडाली, यावर मात्र काका ठाम असायचे. वादळात माल एका अंगाला सरकला. त्यामुळे कुठलीही वस्तू एका अंगाला कललेली त्यांना सोसत नसे. घरातलं कपाट दोन्ही बाजूंनी सारख्या वजनाचं भरलेलं, म्हणून काकींच्या साड्यांत डाळींचे डबे. शेअर रिक्षात बसले की जाड माणसाला मधे घ्यायचे. लग्नाच्या पंगतीत मुलाकडची मंडळी एकीकडेच दाटीने बसलेली पाहून ते इतके अस्वस्थ झाले, की वरमाईला उठवून समोर बसवलं. उत्तनजवळच्या डोंगरीच्या बसमध्ये उन्हामुळे सगळे एकाच बाजूला बसले होते, तेव्हा काका उभे राहून म्हणाले, "आधे लोग उधर बैठो भाई, गाडी झुक रही है." लोक खरंच उठले. दोन स्टॉप गेल्यावर कंडक्टरने अदबीने विचारलं, "साहेब, कुठल्या खात्याचे?"

त्या डोंगरीच्या खेपेला ते एका म्हाताऱ्या कोळ्याला भेटायला गेले होते. तळ्यात वादळ होतं की नाही, हे दर्यावरच्या माणसाकडून कळावं, ही इच्छा. म्हातारा जाळं विणता विणता म्हणाला, "तळ्यात बेडूक हाय, तुफान न्हाय." काका भयंकर चिडले, तडक उठले, बस चुकली, आणि त्याच्याच ओटीवर बसून बोंबलाचं कालवण-भात जेवून परत आले. चव छान होती, पण माणूस अडाणी, असा निकाल त्यांनी दिला.

हे सगळं मला इतकं माहीत असायचं कारण म्हणजे अविधवा नवमी. पितृपक्षात नवमीला, नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध करतात आणि एका सवाष्णीला जेवायला बोलावतात. काकांच्या घरी ती सवाष्ण दरवर्षी मी. काकांच्या आई, आम्ही त्यांना आजी म्हणायचो, कपाळभर कुंकू लावून जगल्या आणि तशाच गेल्या. बोट बुडाली असेल, माझा माणूस बुडाला असं कुणी मला सांगितलेलं नाही, एवढं त्या बोलायच्या आणि विषय संपायचा. म्हणून नवमीला आजींचं श्राद्ध व्हायचं, वडिलांचं पान कधीच वाढलं जायचं नाही, आणि खीर ताटात पडली की काका मला बोट सांगायला घ्यायचे.

घोटाळा केला नव्या गुरुजींनी. जुने गुरुजी गावी गेले आणि हे तरुण, चटपटीत गुरुजी आले. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "काका, वडील आज शंभरीला आले असते. या वर्षी काय ते ठरवा. सर्वपित्रीला त्यांचं पान वाढू. पण मग आईंची नवमी बंद होईल, कारण नवमी नवरा हयात असेपर्यंतच." काकी म्हणाल्या, बरोबर आहे. माझा नवरा म्हणाला, बरोबर आहे. काका घरभर फिरून कपाटाची दारं उघडून बघत राहिले.

मी म्हटलं, आधी खरं काय ते कळू दे, मग ठरवू. आमच्या शांती नगरच्या घराशेजारी एक गुजराती भाभी होत्या. त्यांच्या भावाचं त्याच तळ्याकाठी दुकान होतं आणि तो नेमका सुट्टीवर आला होता. काय काय विचारायचं ते मी मनात क्रमाने लावून घेतलं, त्याला रिक्षात घातलं आणि गोडदेवला नेलं.

माझे प्रश्न मनातच राहिले. काकांनीच त्याचा ताबा घेतला. पाणी खारट की गोड? पैलतीर दिसतो का? भाभींचा भाऊ म्हणाला, "नहीं अंकल, समंदर ही समझो. तूफान आता है तो मछलीवाले भी नहीं जाते." काका माझ्याकडे वळले. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "ऐकलंस? त्या डोंगरीवाल्याला सांगायला हवं."

मग तो म्हणाला, तिकडचे म्हातारे अजून त्या बोटीबद्दल बोलतात. काकांनी लगेच बशी पुढे सरकवली. "पहले चाय लो. ठंडी हो रही है."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "कोई बचा था क्या?"

त्याने मान हलवली. "बोलते हैं, कोई नहीं."

आत काकींच्या लाटण्याचा आवाज थांबला. काका म्हणाले, "बोलते हैं ना? देखा किसने?" आणि उठून पाहुण्याला रिक्षापर्यंत सोडायला गेले.

ते परत आल्यावर मी समजुतीचं बोलायला गेले. काका, आता कळलं, अमावास्येला पान वाढूया, तुम्हालाही मोकळं वाटेल, वगैरे. काका उंबऱ्यावर बसले.

"सूनबाई, आईला आपण हिरव्या साडीत पोचवलं. ओटी तूच भरलीस."

"हो."

"जन्मभर तिने कुंकू जपलं. बाबांना आज मी बुडवलं, तर ते पुसणारा मी होतो. या वयात मला नाही जमायचं ते."

काकी दारात आल्या होत्या.

घरी येताना माझा पुरता गोंधळ झाला होता. खरं काय ते मीच शोधून आणलं होतं, आणि आता ते कुठे ठेवायचं हे मला कळत नव्हतं.

नवमीला मी नेहमीसारखी गोडदेवला गेले. गुरुजी पाटावर बसले, पळी-पंचपात्र मांडलं आणि विचारलं, "काय ठरलं मग?" काका खिडकीतून बाहेर बघत होते. काकी माझ्याकडे बघत होत्या.

"अविधवा नवमी," मी म्हटलं. "दरवर्षीसारखी."

"आणि वडील?"

"त्यांचा अजून काही पत्ता लागलेला नाही, गुरुजी."

गुरुजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पाणी सोडलं.

जेवण झालं, माझी ओटी भरून झाली, गुरुजी गेले. काकांनी खीर दोनदा वाढली, पण बोटीचं नाव काढलं नाही. मी उगाच पाटावर बसून राहिले. घरी कामं पडली होती, तरी उठवेना. शेवटी मीच विचारलं, "काका, त्या दिवशी सकाळी तळं कसं होतं?"

काकांनी खिरीचं पातेलं हळूच खाली ठेवलं.

"शांत," ते म्हणाले. "अगदी शांत होतं. बाबा म्हणाले, आज जरा गावात जाऊन येतो."