मास्तरांचा साखरेचा पुडा

आमच्या समोरच्या मास्तरांइतका धंद्याला नालायक माणूस सोनईच्या पेठेत दुसरा झाला नाही. त्यांचं शिलाईचं दुकान माझ्या शिलाईच्या दुकानाच्या बरोबर समोर. गळ्यातला टेप ते आंघोळीलाही काढत नसावेत, असा माझा दाट संशय होता. सुईत दोरा ओवायला आल्यागेल्याला बसवत. वर "लेका, हात थरथरतोय तुजा" म्हणून त्यालाच रागावत. पण खरं वेड निराळंच. दुसऱ्याचा कारागीर त्यांनी कधी फोडला नाही. त्याला ते रीतसर मागणी घालत! साखरेचा पुडा घेऊन मालकाच्या दारात जायचं आणि मुलगी मागावी तसा माणूस मागायचा. एकदा काजं करणाऱ्या कारागिरासाठी थेट पुणतांब्याला गेले. तिथल्या शिंप्यानं साखर ठेवून घेतली आणि माणूस काही दिला नाही. मी पोट धरून हसलो, तर म्हणाले, "न्हाई म्हनाला, पन तोंडावर म्हनाला. लई सरळ मानूस हाय." कुणी आपणहून काम मागायला आला, तर "मालकाला सांगून आला का?" हा पहिला प्रश्न. नसेल सांगितलं, तर चहा पाजून परत पाठवत.

मग बेलबॉटमची टूम निघाली. नगरला सिनेमा बघून आलेली पोरं पायाशी घेर मागायला लागली, आणि तो घेर नेमका कापावा मास्तरांच्या कारागिरानं, रशीदनं. मी त्याला हॉटेलात बसवलं, भजी मागवली, नव्या मशीनचं आमिष दाखवलं. "मास्तरांना सांगू का?" असं त्यानं दोनदा विचारलं. मीच नको म्हणालो.

तो माझ्याकडे आला त्याच दुपारी मास्तर रस्ता ओलांडून आले. मी भांडायच्या तयारीत. त्यांच्या एका हातात साखरेचा पुडा, दुसऱ्यात कात्री.

"रशीद डावरा हाय, भाऊ. तुमच्या कात्रीनं त्याचा अंगठा सोलंल. ही मुद्दाम घडवून घेतल्याली." पुडा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "मागनी तुमी घातली न्हाई, पाठवनी तरी करावी म्हनलं."

रशीदनं मान वर केली नाही. मीही नाही.

मास्तरांना जवळचं दिसत नव्हतं. कापायचं सगळं काम रशीदच करायचा. हे मला त्यांच्या दुकानाला फळ्या लागल्या आणि ते लेकीकडे निघून गेले, तेव्हा कळलं. खरं तर आधीच कळायला हवं होतं. तो दोरा मीही कितीदा ओवून दिला होता. फार लाज वाटते मला. नुसता मागायला गेलो असतो, तर त्यांनी आधी सुई माझ्या हातात दिली असती, आणि मग रशीदला मागायला माझी जीभ रेटली नसती. मधला रस्ता जेमतेम बारा पावलांचा होता.