डॉक्टरांच्या गाडीतला दुभाष्या

बस्त्यावचा विषय निघाला की एका किश्श्यावर भागत नाही. एकाने सांगितला की दुसऱ्याला त्याच्यापेक्षा भारी आठवतो, आणि चहाचं आधण पुन्हा चढवावं लागतं. त्यातले निम्मे मी स्वतः पाहिलेले आहेत, म्हणून तेवढेच सांगतो.

मी तेव्हा वसईत शाळेत विज्ञान शिकवायचो. शाळेसमोर डॉक्टर सामंतांचा दवाखाना. बस्त्याव जवळच्या गिरीज गावचा, केळीची वाडी करायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत तो फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेशांच्या तुकडीत होता, तिथून रेडिओची विद्या घेऊन आला. संध्याकाळी आम्ही तिघं दवाखान्याच्या ओट्यावर असायचो.

डॉक्टरांनी जुनी मोटार घेतली, तिच्यात रेडिओ होता. पण लागायची ती मुंबईच. लांबची स्टेशनं शॉर्टवेव्हवर, आणि या सेटला शॉर्टवेव्ह नव्हतीच. बस्त्याव म्हणाला, एक व्हॉल्व्ह आणि दोन कॉइल मिळाल्या तर सेटला हात न लावता जग ऐकवतो.

डॉक्टरांनी विचारलं, ते कसं?

"मध्ये एक दुभाष्या बसवायचा. लांबचा पाहुणा काय बोलतो ते तो ऐकणार, आणि तुमच्या रेडिओला मुंबईच्या बोलीत सांगणार."

कन्व्हर्टर म्हणजे काय, हे मी पुढे कित्येक वर्षं वर्गात याच वाक्याने शिकवलं. पुस्तकातली व्याख्या कुणाच्या लक्षात राहिली नाही, ही राहिली.

*

कॉइल गुंडाळायला त्याने डॉक्टरांच्या गोळ्यांची पुठ्ठ्याची नळी घेतली. तार जुन्या ट्रान्सफॉर्मरची. वेढे अचूक मोजावे लागतात, एक इकडेतिकडे झाला की स्टेशन हुकतं. रविवारी घरी तो वेढे मोजत बसला होता. बायको रोझी स्वयंपाकघरातून विचारत होती, आज जेवायला कोण कोण आहे?

"सतरा," बस्त्याव म्हणाला.

दुपारी डॉक्टर आणि मी पोचलो तेव्हा रोझीवहिनी सतरा माणसांचा भात आणि बोंबलाचं कालवण करून वाट बघत होत्या. शेजारच्या वाड्यांतून माणसं बोलावून आणली, अंगणात पंगत बसली. वहिनी भांडी आपटत वाढत होत्या. शेवटी पाहुणे मोजले तर सोळाच. वहिनींनी बस्त्यावकडे पाहिलं. तो कॉइल हातात घेऊन शांतपणे म्हणाला, "मग एक वेढा सोडवून बघतो."

सोडवला. त्याच वेढ्याने स्टेशन स्वच्छ लागलं, हे मी शपथेवर सांगेन.

*

पहिली मोठी चाचणी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर केली. इंजिन चालू असलं की प्लगच्या ठिणग्या रेडिओत तडतडायच्या, म्हणून गाडी बंद ठेवून ऐकायचं. कुठल्याशा देशातली बाई गात होती. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण जाळी विणणारे कोळी हातातलं काम टाकून गाडीभोवती जमले. तासभर ऐकलं आणि बॅटरी बसली. हँडल मारून डॉक्टरांचे हात भरून आले. गाडी ढिम्म, आणि भरती चढायला लागलेली.

सगळ्यांनी मागून खांदा लावला. म्हातारा पांडू नाखवा ढकलता ढकलता म्हणाला, "डॉक्टर, त्या बाईला पन उतरवा की. बसून काय ऱ्हायली?"

दुसऱ्याच आठवड्यात बस्त्यावने प्रत्येक प्लगला एकेक रेझिस्टन्स जोडला. तडतड थांबली. मग पार चांदीप गावापर्यंत, धावत्या गाडीत, आम्ही परदेशच्या बातम्या ऐकत जायचो.

*

डॉक्टरांचे एक मित्र मुंबईत रेडिओच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी कन्व्हर्टरचा तो डबा उघडून एकेक जोड निरखून पाहिला. मग बस्त्यावला म्हणाले, उद्यापासून आमच्याकडे ये, स्वतंत्र टेबल देतो.

बस्त्यावने नीट विचार केला. मग विचारलं, "दुपारी केळीला पाणी लावायला सोडाल?"

साहेब हसले. बस्त्याव हसला नाही. तो खरंच विचारत होता.

*

लढाईवरून आल्यापासून बस्त्याव चर्चमध्ये जात नव्हता. तिकडे काय पाहिलं ते त्याने कधी सांगितलं नाही. रोझीवहिनी मुलांना घेऊन मिस्साला जायच्या, हा वाडीत राहायचा. त्याच्या आईने, कातरीनमायने, पहिली दोन वर्षं त्याला विनवलं, मग त्यावर बोलणं सोडलं. पुढे ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर रोज जायचे. एके दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं, आता फार दिवस नाहीत.

ईस्टरच्या रविवारी बस्त्यावने डॉक्टरांकडे गाडी मागितली. रोमहून पोपचा आशीर्वाद दुपारनंतर ऐकू येतो, हे त्याला माहीत होतं. गाडी विहिरीपर्यंतच जात होती, पुढे केळीचे वाफे. त्याने वाफ्यांतून लांब तार ओढली आणि वेगळा स्पीकर मायच्या उशाशी ठेवला. मला तिथे बसवलं, स्वतः गाडीकडे गेला.

आधी घंटा ऐकू आल्या. मग अफाट गर्दीचा आवाज. मग लॅटिनमधला तो म्हातारा स्वर. मायचे ओठ हलायला लागले. तेवढ्यात आवाज खोल गेला, खरखरीत बुडाला. मी उठणार तोच पुन्हा वर आला, आणि या वेळी टिकला.

मायने विचारलं, "बस्त्याव कुठे हाय?"

मी दारातून पाहिलं. कधी कधी डब्याला हात लावला की स्टेशन धरून राहतं, हात काढला की सुटतं. बस्त्याव गाडीच्या उघड्या दारापाशी मातीत होता. एक हात डब्यावर, मान खाली.

मला दिसलं तेच मी सांगितलं. "गुडघ्यावर आहे, माय."

तिने डोळे मिटले आणि कपाळापासून छातीपर्यंत सावकाश क्रूसाची खूण केली.

आशीर्वाद संपला. घंटाही थांबल्या. स्पीकरमध्ये नुसती खरखर राहिली. संपलं, हे सांगायला मी दारात गेलो. बस्त्यावचा हात डब्यावर नव्हता. तो अजून उठलेला नव्हता.